पाळी आणणारी गोळी

भाद्रपद उजाडून गौरींच्या आवाहनाला चार-सहा दिवस उरले, की पुण्याच्या जुन्या पेठांतील औषधांच्या दुकानांत एक ठरावीक देखावा दरवर्षी दिसतो. दुकानात दुसरे गिऱ्हाईक असेतो सूनबाई कापसाच्या गुंडाळीचा नाही तर डोकेदुखीच्या मलमाचा भाव विचारीत वेळ काढतात, ते गिऱ्हाईक पायरी उतरले, म्हणजे आवाज खाली आणून म्हणतात, "काका, ती पाळीची गोळी द्या ना." आणि गल्ल्यावरचे काका, मान वर न करता, सवयीच्या सुरात विचारतात, "आणायची, का लांबवायची?"

असा प्रश्न विचारणारे काका भेटले तर ते गिऱ्हाइकाचे भाग्यच. कारण ‘पाळीची गोळी’ या दोन शब्दांच्या पदराखाली आज परस्परांशी फारसा संबंध नसलेली, किंबहुना काही बाबतींत परस्परविरोधी असलेली, निदान पाच औषधे एकत्र नांदत आहेत. सणावारासाठी पाळी लांबवणारी नॉरएथिस्टेरॉनची गोळी वेगळी. सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळणारी, रोज घ्यावयाची ‘माला-एन’ वेगळी. संबंधानंतर बहात्तर तासांच्या आत घ्यावयाची तातडीची गोळी वेगळी. राहिलेला गर्भ पाडणारी मिफेप्रिस्टोन व तिच्या मागोमाग घ्यावयाची मिसोप्रोस्टॉल ही जोडी वेगळी. आणि लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत जन्मलेली, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा व पुढे एकदा घ्यावयाची ‘छाया’, जिच्यात संप्रेरक मुळीच नाही, ती तर या सर्वांहून वेगळी. परंतु घरात, शेजारात आणि आता हातातील मोबाइलच्या पडद्यावर या सर्वांचे एकच कडबोळे झाले आहे. तातडीची गोळी म्हणजे गर्भपातच, असे कोणी छातीठोकपणे सांगतो; पाळी लांबवणारी गोळी दोनदा घेतली की पुढे मूल राहत नाही, असे दुसरा सांगतो; आणि दोन दिवस गोळ्या घेऊन पाळी ‘मोकळी’ झाली नाही तर तिप्पट घ्याव्यात, असा सल्ला तिसरा देतो.

हा घोटाळा मोबाइलने निर्माण केलेला नाही. त्याला इतिहास आहे, आणि तो कागदोपत्री पडताळून पाहता येण्याजोगा आहे. तो पाहत गेले असता माझे मत असे बनले आहे, की या घोटाळ्यात स्त्रियांच्या अज्ञानाचा वाटा सर्वांत लहान असून, ज्यांच्यापाशी ज्ञान होते आणि ज्यांच्या हाती हुकूम होता, त्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे.

प्रथम भाषेकडे पाहू. मराठीत पाळीला तिच्या नावाने हाक मारण्याची चाल नव्हती. कावळा शिवला, अडचण आली, बाहेरची झाली, दूर बसली, असे नाना वाक्प्रचार झाले, ते सारे नाव टाळण्यासाठी. त्यातूनच ‘पाळी आणणे’ हा एक सोयीस्कर प्रयोग रूढ झाला. पाळी चुकलेली स्त्री सुइणीपुढे, वैदूपुढे अगर पुढील काळात डॉक्टरपुढे जाऊन ‘पाळी आणून द्या’ म्हणे, तेव्हा तिला नुसता उशीर झाला आहे, की दिवस गेले आहेत आणि ते तिला नको आहेत, हे तिला उच्चारावे लागत नसे. ऐकणाराही समजून न समजल्यासारखे करी. पपई, तीळगूळ, गाजराच्या बियांचा काढा हे सर्व ‘उष्ण’ उपाय याच दुहेरी अर्थाच्या आडोशाने चालत. विधवेला, कुमारिकेला, सात लेकरांच्या मातेला त्या संदिग्धतेचाच काय तो आसरा होता. तिला हसणे किंवा दूषण देणे मला अन्यायाचे वाटते. परंतु आडोसा म्हणून उपयोगी पडणारा शब्द औषधाचे नाव म्हणून वापरात आला, की त्यातून अनर्थ होतो.

त्या संदिग्धतेवर उजेड पाडण्याचा पहिला गंभीर प्रयत्न ज्याने केला, त्याला आपण काय दिले हे येथे सांगितलेच पाहिजे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ चिरंजीव रघुनाथराव हे गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्यापायी १९२५ साली त्यांना विल्सन महाविद्यालयातील नोकरीस मुकावे लागले. आणि जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले. त्या मासिकाचे सर्वांत मोलाचे अंग माझ्या मते त्यातील लेख नव्हेत, तर वाचकांच्या शंकांना दिलेली उत्तरे होत. ज्या गोष्टी नवरा-बायकोसुद्धा एकमेकांपाशी बोलत नसत, त्या लोकांनी पत्राने विचारल्या आणि रघुनाथरावांनी भूमितीचा सिद्धांत सोडवावा तशा निर्विकारपणे त्यांची उत्तरे छापली. १९३१ साली पुण्यातील सनातनी मंडळींच्या फिर्यादीवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला व शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली पुन्हा खटला झाला, आणि या वेळी आक्षेप नेमका वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर होता. रघुनाथरावांची बाजू बॅरिस्टर भीमराव आंबेडकर यांनी मांडली. तरीही दोनशे रुपये दंड झालाच. ज्याला शंका आहे त्याने ती विचारणे, आणि ज्याला माहीत आहे त्याने उत्तर देणे, एवढाच तो अपराध.

शकुंतलाबाई परांजपे यांनी १९३८ च्या सुमारापासून पुण्यात हेच कार्य हाती घेतले. रँग्लर परांजप्यांची ही कन्या बायकांना गर्भप्रतिबंधाची साधने समजावून देत राहिली; पुढे राज्याच्या विधान परिषदेत व राज्यसभेतही तिने या विषयावर आवाज उठविला. परंतु रघुनाथरावांच्या आणि शकुंतलाबाईंच्या सुरुवातीच्या काळातील साधने सगळी बाह्य होती. पोटात घ्यावयाची, शरीराच्या आतील कारभारातच ढवळाढवळ करणारी गोळी अजून यावयाची होती. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथराव निवर्तले. नोव्हेंबरच्या अंकाबरोबर ‘समाजस्वास्थ्य’ थांबले. आणि प्रश्नांना उत्तरे देणारा माणूस नाहीसा झाला, नेमक्या त्याच दशकात उत्तराची सर्वांत अधिक गरज असणारी औषधे बाजारात उतरली.

त्या औषधांची जन्मकथा थोडक्यात सांगतो. शरीरातील ग्रंथींतून रक्तात मिसळून दूरच्या अवयवाला आज्ञा देणाऱ्या द्रव्याला ‘हॉर्मोन’ हे नाव इंग्लंडमधील शरीरशास्त्रज्ञ स्टार्लिंग याने १९०५ साली दिले. आपण त्याला संप्रेरक म्हणतो. १९३८ साली बर्लिनमध्ये एथिनिल एस्ट्राडायोल हे तोंडाने घेता येण्याजोगे कृत्रिम स्त्री-संप्रेरक तयार झाले, आणि १९५१ साली मेक्सिको शहरात कार्ल जेरासी व त्याचे सहकारी यांनी नॉरएथिस्टेरॉन घडविले, ज्याची सामग्री तेथील रानात उगवणाऱ्या एका जंगली कंदापासून मिळत असे. गर्भाशयाचे अस्तर वाढविणे हे पहिल्या, म्हणजे एस्ट्रोजेन, जातीच्या द्रव्याचे काम, आणि वाढलेले अस्तर सावरून धरणे हे दुसऱ्या, म्हणजे प्रोजेस्टेरॉन अगर प्रोजेस्टिन, जातीचे. या दोहोंचे प्रमाण निरनिराळे ठेवून, ती निरनिराळ्या दिवशी देऊन, कधी अचानक बंद करून, परस्परांहून भिन्न परिणाम साधता येतात. एकाच मुनीमजीने वेगवेगळ्या पेढ्यांवर वेगवेगळे हिशेब लिहावेत तसे हे आहे. मुनीमजी तोच म्हणून हिशेब तोच ठरत नाही.

या द्रव्यांच्या मोठ्या मात्रेतून निघालेली एक गोळी साठ-सत्तरच्या दशकांत सर्रास वापरली जाई, तिला वैद्यकीय भाषेत ‘जादा मात्रेचे ई.पी. औषध’ म्हणत, ई म्हणजे एस्ट्रोजेन, पी म्हणजे प्रोजेस्टेरॉन. इंग्लंडात ती ‘प्रायमोडॉस’ या नावाने विकली जाई व तिच्या एका गोळीत दहा मिलिग्रॅम नॉरएथिस्टेरॉन ॲसिटेट आणि ०.०२ मिलिग्रॅम एथिनिल एस्ट्राडायोल असे. आपल्याकडे ‘ई.पी. फोर्ट’ हे नाव इतके रुळले, की खेड्यापाड्यांतून ते जणू औषधाच्या जातीचेच नाव झाले. तिचा अधिकृत उपयोग गर्भचाचणीसाठी. त्यामागील युक्ती अशी: पाळी चुकलेल्या स्त्रीला दोन दिवस ही गोळी द्यावी, ती गर्भवती नसेल, तर गोळी थांबताच सावरून धरलेले अस्तर गळून काही दिवसांत रक्तस्राव होईल, ती गर्भवती असेल, तर तिच्या शरीराची स्वतःची संप्रेरके अस्तराला आधार देत राहतील, आणि रक्तस्राव होणार नाही. म्हणजे रक्त दिसले तर गर्भ नाही, रक्त दिसले नाही तर गर्भ आहे. बेडकाला लघवी टोचून पाहण्याच्या पूर्वीच्या प्रयोगशाळेतील चाचणीपेक्षा हे सोपे वाटले, यात नवल नाही.

आता या गोळीचा अनुभव स्त्रीच्या बाजूने पाहा, कारण साऱ्या प्रकरणाचे मूळ येथे आहे. पाळी दहा दिवस चुकली म्हणून एक बाई डॉक्टरकडे गेली. तिला दोन गोळ्या दिल्या गेल्या. पाच दिवसांनी तिला पाळी आली. तिच्यापुरते तिने पाहिले ते इतकेच, की दिवस गेल्याची भीती होती, गोळी घेतली, आणि भीती वाहून गेली. ‘तुला दिवस गेलेलेच नव्हते, आणि म्हणूनच रक्त आले’, हे तिला कोणी समजावून सांगितले नाही. तिने शेजारणीला सांगितले, की गोळीने मोकळी झाले. शेजारणीला मात्र खरोखरच दिवस गेलेले होते. तिने त्याच गोळ्या घेतल्या, रक्त आले नाही. म्हणून चार घेतल्या, मग आठ घेतल्या, मग कोणाकडून त्याच द्रव्याचे इंजेक्शन टोचून घेतले. गर्भ राहिला तो राहिलाच, आणि त्याच्या घडणीचे जे अत्यंत नाजूक आठवडे, त्यांतच त्याच्यावर परकीय संप्रेरकांचा मारा झाला.

आपल्याकडे याला काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याने फांदी मोडली असे मानावयाचे. तथापि या बाईला दोष देण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गोळीनंतर रक्त येते हा तिचा अनुभव खरा होता. तिच्या तर्काला एकच दुवा कमी पडत होता, आणि तो दुवा ज्या डॉक्टराच्या हाती होता त्याला तो सांगावयास एक मिनिट लागले असते. त्याहूनही वाईट असे, की याच कुळातील संप्रेरके त्याच काळी गर्भ टिकविण्यासाठीही दिली जात. गळू पाहणारा गर्भ सावरावा म्हणून एका स्त्रीला जे द्रव्य, तेच ‘पाळी आणण्यासाठी’ दुसरीला. एकाच दवाखान्याच्या बाकावर शेजारीशेजारी बसलेल्या त्या दोघी घरी जाऊन बोलू लागल्या, म्हणजे त्यांनी कोणता निष्कर्ष काढावा?

धोक्याची पहिली सूचना आली ती लंडनहून. हंगेरीत जन्मलेल्या, नाझींच्या छळछावणीतून वाचून आलेल्या डॉक्टर इझाबेल गाल या बालकांच्या एका रुग्णालयात काम करीत. पाठीच्या कण्याचे जन्मजात वैगुण्य असलेल्या मुलांच्या मातांकडे त्यांनी विचारपूस केली, तेव्हा त्यांतील पुष्कळ मातांनी गरोदरपणाच्या आरंभी संप्रेरकांच्या गोळ्यांनी गर्भचाचणी केली होती, असे त्यांना आढळले. १९६७ साली त्यांचे टिपण ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आले. नॉर्वेने १९७० साली पाऊल उचलले. ब्रिटनच्या औषधसुरक्षा समितीने १९७५ साली इशारा दिला, आणि तेथील बाजारातून ‘प्रायमोडॉस’ १९७८ साली उठले. या गोळीनेच व्यंग होते का, हा वाद अद्याप शास्त्रज्ञांत मिटलेला नाही. ब्रिटनमध्ये नेमलेल्या तज्ज्ञ गटाने २०१७ साली कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही असे म्हटले, तर २०२० साली बॅरोनेस कंबरलेज यांच्या समितीने हे औषध १९६७ सालीच काढून घ्यावयास हवे होते असा निर्वाळा दिला. मला दुसरे मत पटते. लघवीच्या थेंबावर करावयाची निर्धोक चाचणी साठच्या दशकातच उपलब्ध झाली होती. ज्या औषधाने काहीच साधत नाही, त्याच्या वापराला लहानशा संशयाचीही किंमत का मोजावी?

भारतात मात्र पाश्चात्त्य बाजारातून उठलेली गोळी ऐटीत विकली जात राहिली. पाकिटावर ‘गर्भचाचणीसाठी वापरू नये’ असा इशारा छापला गेला, तो इंग्रजीत. आपल्याकडे औषध कसे विकले जाते हे ज्याने पाहिले आहे त्याला या इशाऱ्याची योग्यता लगेच कळेल: दुकानदार कात्रीने पट्टी कापून दोन गोळ्या वेगळ्या करतो, कागदाच्या चिटोऱ्यात बांधतो, आणि पाकीट, त्यावरील इशाऱ्यासह, दुकानाच्या फळीवरच राहते. हातात पडतात त्या बिननावाच्या दोन गोळ्या.

याविरुद्ध जे लोक उभे राहिले त्यांत पुण्याचा वाटा अभिमानाने सांगण्याजोगा आहे. जयसुखलाल हाथी यांच्या समितीने १९७५ साली ११७ अत्यावश्यक औषधांची यादी देऊन बाजारातील निरुपयोगी औषधांच्या गर्दीवर बोट ठेवले होते. त्याच सुमारास, १९७४ साली, ‘मेडिको फ्रेंड सर्कल’ हे विचारी डॉक्टरांचे व कार्यकर्त्यांचे मंडळ देशभर उभे राहत होते. त्याचे छोटेसे, साध्या कागदावरील पत्रक काही काळ पुण्याहून संपादित होई, आणि डॉक्टर अनंत फडके यांच्यासारखे पुणेकर त्यात औषधांच्या अनावश्यक वापरावर सातत्याने लिहीत. १९८० साली स्थापन झालेल्या लोकविज्ञान संघटनेने हाच विषय मराठीत, सामान्य माणसाच्या ओसरीवर नेला. आणि डॉक्टर विश्वास राणे यांच्या आरोग्य दक्षता मंडळाने पुण्यातूनच औषधांच्या किमती व उपयुक्तता यांचा चिकाटीने मागोवा घेतला. दिल्लीहून डॉक्टर मीरा शिवा आणि डॉक्टर सत्यमाला यांनी, व ठिकठिकाणच्या स्त्री-संघटनांनी, ई.पी. औषधांचा प्रश्न लावून धरला. स्त्रीरोगाचा विषय डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर काढून स्त्रियांनी स्वतः चव्हाट्यावर मांडावा, ही त्या काळी नवी गोष्ट होती, आणि रघुनाथरावांच्या प्रश्नोत्तरांचे मोडलेले सूत्र मला तेथे पुन्हा सांधलेले दिसते.

१९८२ साली केंद्राच्या औषध नियंत्रकांनी या औषधांना मनाई करणारा हुकूम काढला. हुकूम निघाला खरा, पण त्याची अंमलबजावणी झाली नाही. उत्पादक कंपन्या कलकत्ता व मुंबई येथील उच्च न्यायालयांत गेल्या आणि त्यांनी स्थगिती मिळविली. त्यांच्या हाती मुद्दा होता तो अधिकाराचा. कारण एखादे औषध धोकादायक अगर निरुपयोगी म्हणून सरसकट बंद करण्याची स्पष्ट सत्ता औषध कायद्यात तोवर नव्हतीच. ती कलम २६-अ या रूपाने १९८२ च्या दुरुस्तीने आली व १ फेब्रुवारी १९८३ पासून अमलात आली. दरम्यान वर्षांमागून वर्षे गेली, मनाई केलेली गोळी विकली जात राहिली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दाराशी पोचून १९८७ साली जाहीर सुनावण्या झाल्या. त्या सुनावण्यांत काही नामांकित स्त्रीरोगतज्ज्ञांनी औषधाच्या बाजूने कैफियत मांडली, याचे दुःख आजही वाटते. समोर अर्ध्या पगारावर काम करणारे कार्यकर्ते, टिपणांची बाडे आणि बायकांचे अनुभव. आणि अनुभव हा पुरावा नव्हे असे त्यांना ऐकविण्यात येत होते.

अखेर जून १९८८ मध्ये मनाई झाली. पुढील वर्षी तिचे शब्द पक्के करण्यात आले ते असे, की रोजच्या गर्भनिरोधक गोळीखेरीज, ज्या गोळीत एस्ट्रोजेन पन्नास मायक्रोग्रॅमहून व प्रोजेस्टिन तीन मिलिग्रॅमहून अधिक आहे अशी मिश्रणे, आणि या दोन द्रव्यांच्या कृत्रिम मिश्रणाची सर्व इंजेक्शने, बंद. पहिल्या हुकुमापासून सहा वर्षे लागली. त्या सहा वर्षांत ‘पाळी आणणारी गोळी’ हा समज घरोघर इतका मुरला, की गोळी बाजारातून गेली तरी तिचे नाव लोकांच्या तोंडी राहिले.

आणि येथे इतिहासाने एक विलक्षण योगायोग साधला. १९८८ च्या सप्टेंबरात फ्रान्सच्या सरकारने मिफेप्रिस्टोन या औषधाला परवानगी दिली. हे औषध प्रोजेस्टेरॉनची जागा अडवून त्याची आज्ञा गर्भाशयापर्यंत पोचू देत नाही. सावरून धरणारा हातच निघून गेल्यावर अस्तर गळते आणि गर्भ सुटतो. ई.पी. गोळीविषयी बायकांनी वर्षानुवर्षे जी समजूत बाळगली होती, ती या गोळीच्या बाबतीत प्रथमच खरी ठरली. खोटी गोळी जेथे बंद झाली, तेथे खरी गोळी यावयास पुढे चौदा वर्षे गेली. त्याच १९८८ साली महाराष्ट्राने गर्भजलपरीक्षेने मुलगा-मुलगी पाहण्यावर निर्बंध घालणारा, देशातील पहिला कायदा केला. या कायद्याचा येथे काय संबंध, असे वाचकाला वाटेल. तो पुढे येतो.

गर्भपाताच्या कायद्याशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. १९६४ साली केंद्राने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष महाराष्ट्राचे त्या वेळचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा हे होते. तिच्या शिफारशींतून १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा जन्मला व १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. २००२ साली भारतात मिफेप्रिस्टोनला मान्यता मिळाली. काही काळाने तातडीची गर्भनिरोधक गोळी चिठ्ठीवाचून मिळू लागली आणि तिच्या जाहिराती घरातल्या टीव्हीवर जेवणाच्या वेळी झळकू लागल्या. पैकी तातडीची गोळी अंडे सुटण्याचा दिवस पुढे ढकलते. एकदा गर्भ रुजला की तिचा काही उपयोग नाही, आणि तिच्याने रुजलेल्या गर्भाला अपायही नाही. दुसरी गोळी रुजलेल्या गर्भावरच चालते. एक चिठ्ठीवाचून मिळते, दुसरीला चिठ्ठी हवी. इतका स्वच्छ भेद. पण तो सांगावयाचा कोणी? ‘पाळीची गोळी’ हा जुना शब्द तयारच होता, आणि दोन्ही गोळ्या त्याच्या पोटात जाऊन बसल्या.

इतके दिवस चुकीचा तर्क बायका करीत होत्या. आता तो सरकारने केला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली ८९४ उरल्या. दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. बीड जिल्ह्यात तर आकडा ८०७ वर आला. पुढल्या वर्षी परळीतील स्त्रीभ्रूणहत्येचे भयंकर प्रकरण उघडकीस आले आणि सारे राज्य हादरले. हादरावयासच हवे होते. शासनाची यंत्रणा हलली, आणि तिची नजर औषधांच्या दुकानांकडे वळली. मिफेप्रिस्टोनच्या प्रत्येक पाकिटाचा हिशेब मागण्यात आला, दप्तरे तपासली गेली, परवाने रद्द होण्याची धास्ती बसली. आणि पुण्यातील काय, मुंबईतील काय, असंख्य दुकानदारांनी ते औषध ठेवणेच सोडून दिले.

मुलींची हत्या थांबावी या तळमळीविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु तर्क तपासून पाहा. या गोळ्यांचा कायदेशीर उपयोग गर्भाच्या नऊ आठवड्यांपर्यंत. सोनोग्राफीने मुलगा की मुलगी हे कळावयास बारा-तेरा आठवडे उलटावे लागतात. ज्या गर्भाचे लिंग अजून कोणालाच ठाऊक नाही, त्याचा गर्भपात लिंग पाहून केलेला कसा असेल? गर्भपात होतात, मुली कमी होतात, म्हणून गर्भपाताच्या गोळीने मुली कमी होतात, असा हा अनुमानप्रकार. त्या पाच दिवसांनी मोकळ्या झालेल्या बाईच्या अनुमानाचाच सख्खा भाऊ. फरक इतकाच, की बायकांच्या चुकीची किंमत बायकांनी स्वतः मोजली, आणि या चुकीची किंमत दुसऱ्यांनी मोजली. ज्या गर्भपातांत लिंगनिवड संभवते ते उशिराचे, आणि अडला तो सर्वांत लवकरचा, सर्वांत सुरक्षित मार्ग.

या सर्वांचा परिणाम पाहावयाचा असेल तर लक्ष्मी रस्त्यापासून सुरुवात करून संध्याकाळी दोन-चार पेठा पालथ्या घालणाऱ्या एखाद्या जोडप्याबरोबर चालावे. बाईच्या मुठीत डॉक्टरांची रीतसर चिठ्ठी असते, सही-शिक्क्यासह. पहिल्या दुकानात चिठ्ठी उघडून वाचली जाते, घडी घालून परत केली जाते, आणि नुसती मान हलते. दुसऱ्या दुकानात "आम्ही नाही ठेवत ते" म्हणतात, आणि मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहून आवाज थोडा चढवतात. तिसऱ्या दुकानातला पोरगा, मदत करावी या हेतूनेच, चिठ्ठीतले औषध नाही म्हणून तातडीची गोळी पुढे करतो: "ताई, हीसुद्धा तीच." ती ‘तीच’ नसते. ती घेऊन घरी गेलेल्या बाईला काहीच होणार नाही. ती दोन दिवस वाट पाहील, मग मोबाइलवर शोधील, तेथे तिला कोणी सांगेल की आणखी दोन घ्या. चवथ्या दुकानात तिला विचारतात, लग्न झालंय का. पाचव्यात, मिस्टरांना माहीत आहे का.

रात्री घरी येऊन ती भिंतीवरच्या कालनिर्णयापाशी उभी राहते. शेवटच्या पाळीच्या तारखेवर पेन्सिलीची बारीक खूण आहे, नवऱ्यालाच ओळखू यावी इतकी. त्या खुणेपासून ती बोटाने आठवडे मोजते, सात आणि वर तीन दिवस, मग पुन्हा पहिल्यापासून मोजते, आणि उद्या दुकाने किती वाजता उघडतात ते विचारते.